बगळ्यांची खुर्ची

आमच्या घरात खुर्ची नाही, हे आधीच सांगून टाकते. पाहुणे येतात, इकडेतिकडे बघत उभे राहतात, मी "बसा ना" म्हणते आणि ते "कुठे?" असं तोंडाने न विचारता डोळ्यांनी विचारतात. बसायला सतरंजी आहे. टेकायला तक्के आहेत, आणि तक्के मात्र असे की मोठमोठ्या बंगल्यांत मिळायचे नाहीत, कारण माझा नवरा सोफे आणि खुर्च्या मढवायचं काम करतो. दिवसभर लोकांच्या बुडाखाली स्पंज भरायचा आणि घरी येऊन फरशीवर मांडी ठोकायची, असा त्याचा संसार.

सामान कधी नव्हतंच असं नाही. लग्नात कपाट मिळालं, टेबल मिळालं, टीव्ही मिळाला. पण त्याची मजुरी आणि माझा पगार एकत्र केला तरी दोहोंतली एकच गोष्ट जमायची. एक तर घरात काहीतरी आणायचं, नाहीतर आपण घराबाहेर पडायचं. आणलेल्या वस्तूवर धूळ बसते आणि ती मलाच पुसावी लागते, हे मला पहिल्या वर्षातच कळलं. मग कपाट विकून आम्ही धबधबा बघून आलो. पुढच्या वर्षी टेबल गेलं आणि आम्ही किल्ला चढलो. टीव्हीने आम्हाला जंगल दाखवलं, ते पडद्यावर नव्हे. तेव्हापासून घरातल्या त्या रिकाम्या जागांना तीच नावं पडली आहेत. "इस्त्री कुठंय?" "धबधब्यात." "आणि केरसुणी?" "किल्ल्यामागे बघ."

माझे मोठे दीर हे ऐकतात आणि कपाळावर हात मारतात. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," असं ते आम्हाला दर भेटीत एकदा सांगतात. अंथरूण विकलं तर पाय जास्त लांब जातात, असं मी त्यांच्या तोंडावर एकदाच म्हटलं. त्यानंतर ते माझ्याशी दोन महिने फक्त नवऱ्यामार्फत बोलत होते.

दीर घरगुती यंत्रांच्या दुकानात मॅनेजर आहेत. दुकानात जे नवं येतं ते सवलतीत त्यांच्या घरी येतं, आणि एकदा आलेलं परत जात नाही. कपडे धुणारं, कपडे वाळवणारं, भांडी घासणारं, हवा स्वच्छ करणारं आणि आणखी दोन अशी, जी काय करतात ते मी अजून विचारलेलं नाही. त्या घरात तिरकं होऊन चालावं लागतं. प्रत्येक यंत्राला जाऊबाईंनी टोपडं शिवलंय. एवढं सगळं सोडून जायचं कसं, म्हणून त्या कित्येक वर्षांत कुठे गेलेल्या नाहीत. आम्ही फिरून आलो की मात्र मला कोपऱ्यात गाठून टोमणे मारणार. "काय मिळालं गं एवढं तडफडत जाऊन? धबधबा म्हणजे काय, पाणीच ना? किती उंचावरून पडतं? अंगावर उडतं का?" मी घरी येऊन नवऱ्याला त्यांची नक्कल करून दाखवते, डोळे बारीक करून, मान तिरकी करून. तो हसून हसून लोळतो.

सासूबाई त्यांच्याकडे राहतात, कारण तिथे लिफ्ट आहे आणि आमच्याकडे जिने आहेत. बाई मोठ्या वस्ताद आहेत. चेहरा असा गरीब की कोणीही रस्ता ओलांडून द्यावा, आणि डोकं असं की त्यांनी मनात आणलं तर रस्ताच विकतील. एका रविवारी त्या स्वयंपाकघरात माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "मला समुद्र दाखव."

"समुद्र?"

"माझे गुडघे अजून माझं ऐकतात. पुढच्या वर्षी ऐकतीलच असं नाही. डॉक्टर मला सांगत नाही, पण तुझ्या दिराला सांगताना मी दाराआड होते."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं त्यांना. मी हात पुसले, बाहेर गेले आणि दिरांना सरळ विचारलं, की आईंना आम्ही समुद्रावर नेऊ का.

"आई प्रवास करणार नाही," दीर म्हणाले. "तुमच्या त्या धर्मशाळेसारख्या लॉजवर तर नाहीच. आणि समुद्र बघायला जायचं कशाला? पासष्ट इंची टीव्ही घेतलाय मी." त्यांनी तिथल्या तिथे टीव्हीवर समुद्र लावला, आवाज वाढवला आणि आईला म्हणाले, "घे. बघ किती बघायचा तो."

पडद्यावर लाटा आदळू लागल्या. सासूबाईंनी दोन मिनिटं बघितलं आणि टीव्हीकडे पाठ करून बसल्या. जाऊबाई मात्र डाव हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या त्या हलल्याच नाहीत. आत दूध उतू गेलं. जळका वास बाहेरपर्यंत आला तेव्हा दीर ओरडले, "अगं, लक्ष कुठंय?" आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

सासूबाई हार मानणाऱ्यांतल्या नाहीत. आठवड्याने त्यांनी वेगळा सूर लावला. धाकट्याकडे महिनाभर राहायला जाते म्हणाल्या, जिने काय, एकदाच चढायचेत. दिरांनी बराच विचार केला आणि अट घातली. घरात धड खुर्ची हवी, पाय वर घेता येतील अशी. ती अटही त्यांनीच पुरी केली. दुकानात दाखवायला ठेवलेली एक खुर्ची होती, दांडा ओढला की पाठ मागे जाते आणि पाय वर येतात, तसली. तिचं कापड फाटलं होतं म्हणून ती त्यांनी आईला देऊन टाकली. नवं कापड जाऊबाईंनी खुर्चीचं माप घेऊन, निवडून पाठवलं. आभाळी रंगावर पांढरे बगळे, एक पाय मुडपून पाण्यात उभे. माझ्या नवऱ्याने त्याचं कव्हर शिवलं, धुता यावं म्हणून काढता-घालता येईल असं, आणि बगळ्यांच्या माना दोन्ही हातांवर अगदी एका रेषेत आणल्या. तीन संध्याकाळी गेल्या त्यात त्याच्या.

दोन हमालांनी खुर्ची आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढवली. मागोमाग दीर, त्यांच्यामागे सासूबाई. दिरांनी आईला खुर्चीत बसवलं, पाय वर करून दाखवले, खाली करून दाखवले आणि निघताना मला बजावलं, "रोज संध्याकाळी सातला मी व्हिडिओ कॉल करणार. आई मला ह्या खुर्चीत दिसली पाहिजे. एक दिवस जरी दिसली नाही, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन घेऊन जाईन. मग तुमच्याकडे परत पाठवणं विसरा."

त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यात विरला. सासूबाईंनी दोन्ही हात बगळ्यांवर ठेवले आणि विचारलं, "ही खुर्ची कोणाची?"

"तुमची," मी म्हटलं.

"मग विका."

माझा नवरा मटकन सतरंजीवर बसला. "आई, दादा मला फाडून खाईल."

"तुला कशाला? खुर्ची माझी, तो मला खाईल. आणि माझ्यात आता खाण्यासारखं राहिलंय काय?"

खरं सांगते, मी थोडी अडखळले. आमचं सामान विकणं वेगळं आणि दिलेली भेट विकणं वेगळं. पण आमच्याकडे विकण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, आणि सासूबाईंचे गुडघे कोणासाठी थांबणार नव्हते. त्यातून गिऱ्हाईक आयतं चालून आलं. मी दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारते. तिथे एक निवृत्त मास्तर कवळी बसवायला यायचे आणि दातांपेक्षा आमच्या बाकड्यामुळे दुखणाऱ्या पाठीचंच जास्त सांगायचे. ते दुसऱ्याच दिवशी खुर्ची बघून गेले. खुर्ची पसंत पडली, पक्षी नापसंत. या वयात एवढ्या जणांनी टक लावून बघितलेलं मला चालत नाही, म्हणाले. नवऱ्याने त्यांना तपकिरी रेक्झिन चढवून दिलं आणि खुर्ची गेली. बगळ्यांचं रिकामं कव्हर तेवढं सतरंजीवर पडून राहिलं.

"आता सात वाजता काय करायचं?" नवऱ्याने विचारलं.

सासूबाई त्याच्याकडे बघून हसल्या. "फोनमध्ये तुझ्या दादाला दिसतं काय? माझं तोंड आणि मागचे बगळे. तोंड माझ्याकडे आहे. बगळे तू घे पिशवीत."

आता खोटं बोलण्याबद्दल दोन शब्द. "डॉक्टर आलेच, पाच मिनिटांत" हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा म्हणते, तेही डॉक्टर अजून घरी आंघोळ करत असताना. त्यामुळे या कामाला मी पुरी पडेन अशी माझी खात्री होती. त्या संध्याकाळी सासूबाईंना किल्ल्यात, म्हणजे टेबलाच्या जुन्या जागी, तक्क्यांच्या ढिगावर बसवलं, मागे कव्हर पसरलं आणि कॉल निर्विघ्न पार पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं निघालो. एक पिशवी कपड्यांची, एक खाण्याची आणि एक बगळ्यांची.

गाडीने रखडत रखडत आमचा जीव काढला. लॉजवर पोचलो तेव्हा सातला दहा मिनिटं कमी होती. समुद्राचा आवाज कुठूनतरी येत होता, पण बघायला वेळ कोणाला होता? खोलीत प्लास्टिकची एक खुर्ची होती. मी तिच्यावर कव्हर चढवलं, सुरकुत्या ओढल्या, सासूबाईंना बसवलं, आणि फोन वाजला.

"आई, बसलीस ना खुर्चीत?" दिरांचा चेहरा पडद्यावर भरून आला.

"बसले रे बाबा."

"पाय वर का नाही घेतलेस? डॉक्टरांनी सांगितलंय ना? घे बघू. दांडा ओढ."

मग सासूबाईंनी उजवा हात खुर्चीच्या बाजूला नेऊन हवेतला दांडा ओढला, अगदी जोर लावून, दात-ओठ खाऊन. माझा नवरा फरशीवर पालथा झाला, सरपटत खुर्चीसमोर गेला आणि आईचे दोन्ही पाय खांद्यावर घेऊन इंचाइंचाने उठू लागला. नुसता उठला असता तर ठीक होतं. त्याने तोंडाने "कर्रर्र" असा आवाजही काढला. मी फोन धरून उभी होते, ओठ असे दाबून की दुसऱ्या दिवशी ते दुखत होते.

"तेल घालायला सांग धाकट्याला," दीर म्हणाले. "करकरतेय."

"सांगते," सासूबाई म्हणाल्या. "खालीच बसलाय."

तेवढ्यात दिरांच्या मागून जाऊबाई गेल्या. जाता जाता थांबल्या, डोळे बारीक केले, मान तिरकी केली. "कापड छान दिसतंय हो," म्हणाल्या आणि निघून गेल्या. कॉल बंद झाला. आम्ही तिघंही पोट धरधरून हसलो. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नवरा आईचे पाय खाली ठेवून उठला, त्याने खुर्चीकडे पाहिलं आणि त्याचं हसू एकदम मावळलं.

"बगळे उलटे आहेत," तो म्हणाला.

होतेच. घाईत मी कव्हर खालचं वर घातलं होतं. सगळे बगळे डोक्यावर उभे, मुडपलेले पाय आभाळात.

"वीस वर्षं काम करतोय," तो म्हणाला, "आजपर्यंत एक फूल उलटं लावलं नाही. धंद्यात नाक कापून घेण्यासारखं आहे हे." आपण सख्ख्या भावाला फसवतोय, याचं त्याला तितकंसं काही वाटत नव्हतं. बगळ्यांपायी मात्र तो धड जेवलाही नाही.

"तुझ्या दादाला यंत्रातलं कळतं, कापडातलं नाही," मी समजूत घातली. "उद्या सरळ लावू."

"अजिबात नाही," सासूबाई म्हणाल्या. "आज उलटे होते ते उद्या सरळ कसे होतील? खोटं बोलायचं तर एकच बोलावं. उलटेच राहू देत."

सकाळी आम्ही त्यांना समुद्रावर नेलं. वाळूत त्यांची काठी रुतत होती, म्हणून दोन्हीकडून आम्ही धरलं होतं. शेवटचा उंचवटा चढलो आणि समोर सगळं उघडं झालं. सासूबाई थांबल्या. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, रडतील. त्यांनी मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि त्या म्हणाल्या, "टीव्हीवर ह्याला कडा होत्या." मग आमचे हात सोडून, चपला तिथेच टाकून पाण्याकडे निघाल्या. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. एक लाट चांगली कमरेपर्यंत भिजवून गेली तेव्हा त्यांनी तिला अशी एक शिवी हासडली, की मी लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. आनंदाची शिवी होती ती.

त्या दिवशी त्या पाण्यापासून हलल्या नाहीत. दुपारी झाडाखाली आडव्या झाल्या, त्याही तोंड पाण्याकडे करून. सहा वाजले, साडेसहा वाजले. मी म्हटलं, "आई, चला आता. सातला फोन येईल."

"सूर्य बुडेपर्यंत मी हलणार नाही."

"आई, लॉजवर जायलाच वीस मिनिटं लागतात."

"मग इथेच घेऊ फोन."

"इथे? समुद्र ओरडतोय मागे!"

"मग ओरडू दे. त्याला कोणी विचारलं तर तो सांगेल."

आता वादात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. नवरा लॉजवर धावत जाऊन बगळे घेऊन आला. वाळूत एक होडी पालथी घातलेली होती. तिला टेकवून कव्हर पसरलं, वाऱ्याने उडू नये म्हणून कडांवर दगड ठेवले. बगळे उलटे आहेत ना, ते दोनदा तपासलं. सासूबाईंना होडीला टेकवून बसवलं. सूर्य समोर, त्यामुळे तोंडावर चांगला उजेड. नवरा पायांशी पालथा पडून तयार. मी समुद्राकडे पाठ करून फोन धरला. सातला फोन वाजला.

"आई, आज तोंड लाल का दिसतंय?"

"नवा दिवा लावलाय ह्यांनी."

"आणि हे कापड कशाने उडतंय?"

"पंखा," मी मागून म्हटलं. "जोरात सोडलाय."

"मग हा आवाज कसला?" दिरांनी कान फोनला लावला. पडद्यावर नुसता कान दिसू लागला. त्याच वेळी माझ्या मागे एक मोठी लाट फुटली आणि सळसळत परत गेली. चाळीस वेळा खोटं बोलणारी मी, पण डॉक्टर कधी माझ्यामागे असे गर्जत नाहीत. आता उद्या सकाळी दीर आमच्या दारात येणार, दाराला कुलूप बघणार, आणि सासूबाई पुन्हा कधी त्या घराबाहेर पडणार नाहीत, हे मला लख्ख दिसलं.

"वॉशिंग मशीन," माझ्या तोंडून निघून गेलं. "शेजाऱ्यांचं."

दीर गंभीर झाले. यंत्राचा विषय निघाला की ते डॉक्टरांसारखे होतात. "थांब, बोलू नकोस. ऐकू दे." त्यांनी पुढच्या दोन लाटा लक्ष देऊन ऐकल्या. "बेअरिंग गेलंय. पाणी भरतंय, पण फिरताना आवाज बघ. घुर्रर्र, आणि मग सोडून देतंय. शेजाऱ्यांना सांग, असंच चालवलं तर महिनाभरही टिकायचं नाही."

"खूप जुनं आहे रे," सासूबाई म्हणाल्या. "पण बंद पडल्याचं कधी ऐकलं नाही."

पायांशी पडलेला माझा नवरा वाळूत तोंड खुपसून हादरत होता. दीर विचारायला लागले, कुठल्या कंपनीचं, वरून उघडणारं की पुढून. मी काय सांगणार होते देव जाणे. तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन कोणीतरी काढून घेतला.

"मला आईंशी बोलायचंय," जाऊबाई म्हणाल्या. "तुम्ही आत जाऊन दूध बघा. उतू जाईल."

"मी बोलतोय ना?"

"उतू गेलं तर मी पुसणार नाही."

दीर गेले. पडद्यावर जाऊबाईंचा चेहरा आला, जवळ, डोळे बारीक केलेले. त्या सासूबाईंशी काही बोलल्याच नाहीत. "फोन कोणाच्या हातात आहे? तुझ्या?"

"हो, वहिनी."

"बगळे उलटे आहेत."

नवरा वाळूतून मान वर काढून माझ्याकडे बघू लागला.

"कालपासून उलटे आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते कव्हर त्या खुर्चीवर उलटं बसतच नाही. डोक्याच्या बाजूला निमुळतं आहे. कापड मी दिलंय, माप मी घेतलंय. मला शिकवता?"

"वहिनी, ऐका तरी—" मी म्हटलं. माझ्या आवाजातला सगळा दवाखाना गळून पडला होता. "आईंचे गुडघे... म्हणजे, यात आईंची काही चूक नाही, मीच..."

"तू नाही, आईंचंच डोकं असणार. तीस वर्षं ओळखते मी ह्यांना." पडद्यावर सासूबाई त्यांना दिसत होत्या. सासूबाईंनी मान डोलावली, अजिबात न लाजता. जाऊबाईंनी मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग आणखी जवळ आल्या, इतक्या की फक्त डोळे आणि नाक उरलं.

"फोन फिरव."

"कुठे?"

"कुठे काय विचारतेस? मशीनकडे."

मी फोन फिरवला. सूर्य पाण्याला टेकत होता. सगळं पाणी तांबूस झालं होतं आणि लाटा आपल्या येत होत्या, जात होत्या. फोनमधून काहीच आवाज येईना. मला वाटलं कॉल तुटला. पडदा आता माझ्याकडून दिसत नव्हता, म्हणून मी वाकून डोकावले. जाऊबाई होत्या तिथेच होत्या. डोळे बारीक, मान तिरकी. हीच मान आणि हेच डोळे मी इतकी वर्षं नवऱ्याला करून दाखवत होते. किती उंचावरून पडतं, अंगावर उडतं का, असं त्या विचारायच्या आणि मी त्याला टोमणे समजत होते. एकदाही मी त्यांना धड उत्तर दिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"वहिनी," मी म्हटलं, "थोडं पुढे नेऊ? पाण्याजवळ?"

"ने."

मी पाण्यात शिरले. घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. हात लांब करून फोन अगदी पाण्यालगत धरला. एक लाट आली आणि तिचे थेंब पडद्यावर उडाले. फोनमधून एक छोटा आवाज आला, कोणीतरी मागे सरकल्यासारखा. मग हसू. जाऊबाईंना मी असं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून दिरांचा आवाज आला. "दूध बंद केलंय! झालं का तुमचं? आईचे पाय वर आहेत ना अजून?"

मी झटकन फोन वळवू लागले. "थांब, हलवू नकोस," जाऊबाई ओठांतल्या ओठांत कुजबुजल्या, आणि मग मान मागे करून मोठ्याने म्हणाल्या, "आहेत हो! दांडा अडकलाय, खाली घ्यायला वेळ लागतोय. तुम्ही जेवायला बसा, मी आलेच, पाच मिनिटांत!"

माझा हात भरून आला होता. सूर्य अजून अर्धा वर होता.

"बुडेपर्यंत धर," त्या मला म्हणाल्या.